साथीच्या काळात हॉटेलात ट्रेनिंगला जाताना

हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलाला ऐन साथीत ट्रेनिंगला जायची वेळ आली, की घरात एकच काळजी सुरू होते. कुठून कुठून आलेले पाहुणे असतील, त्यांच्यापासून काही झालं तर? काळजी खरी आहे, पण ती चुकीच्या दाराकडे बघते. फेब्रुवारी २०२० मध्ये कोविडमुळे जपानच्या योकोहामा बंदरात अडकलेलं डायमंड प्रिन्सेस हे जहाज आठवा. प्रवासी आणि कर्मचारी मिळून ३,७११ माणसं त्यावर होती. कर्मचाऱ्यांपैकी पहिले जे २० जण बाधित निघाले, त्यांतले १५ फूड सर्व्हिसचे होते आणि २० पैकी १६ जणांच्या केबिन एकाच डेकवर होत्या. एकत्र राबणारी, एकत्र जेवणारी आणि शेजारी शेजारी झोपणारी ही माणसं. पाहुण्यासमोर आपण मास्क लावून, अंतर राखून, सावध उभे असतो. मास्क उतरतो तो बॅक एरियात: लॉकर रूममध्ये, स्टाफ कॅन्टीनमध्ये, चार खाटांच्या खोलीत.

त्यामुळे हा लेख पाहुण्यांबद्दल कमी आणि बॅक एरियाबद्दल जास्त आहे. कोविडच्या वर्षांत जे कळलं त्यावर तो बेतलेला आहे. पुढची साथ वेगळ्या विषाणूची असेल, तिचे नियम वेगळे असतील. पण ट्रेनीने कोणते प्रश्न विचारायचे, ते फारसे बदलणार नाहीत.

पायरी १: आधी कॉलेजला विचारा, हॉटेलला नंतर

बहुतेक मुलं उलटं करतात. हॉटेलची ऑफर आली की बॅग भरतात आणि तीन आठवड्यांनी हॉटेल बंद झालं की कॉलेजला फोन लावतात. तोवर उशीर झालेला असतो. साथीत कॉलेजचे नियम महिन्यामहिन्याला बदलतात, म्हणून जाण्याआधी काही गोष्टी लेखी मिळवून ठेवायच्या. ट्रेनिंग आठवड्यांत मोजतात की तासांत? मध्ये खंड पडला तर आधीचे दिवस धरतात का? दोन वेगळ्या ठिकाणी मिळून पूर्ण केलेलं चालतं का? चारही विभागांचं (हाउसकीपिंग, किचन, सर्व्हिस, फ्रंट ऑफिस) रोटेशन सक्तीचं आहे का, की एक विभाग बंद असेल तर सूट आहे? आणि सगळ्यात महत्त्वाचं: आत्ता जायचंच नाही असं ठरवलं, तर वर्ष वाया जातं का?

फोनवर मिळालेलं उत्तर उत्तर नव्हे. चार ओळींचा मेल पाठवा:

«आदरणीय मॅडम, सविनय नमस्कार. मी तिसऱ्या सत्राचा विद्यार्थी. साथीमुळे माझं ट्रेनिंग मध्येच थांबलं, तर तोपर्यंत झालेले तास ग्राह्य धरले जातील का आणि उरलेले तास दुसऱ्या ठिकाणी पूर्ण करता येतील का, हे कृपया कळवावं. हॉटेलला होकार देण्यापूर्वी आपलं उत्तर मिळालं तर बरं होईल.»

मेलला उत्तर आलं नाही, तर आठवड्याने त्याच मेलखाली आठवण करा. नवा मेल करू नका, तारखा एका साखळीत राहू द्या.

पायरी २: हॉटेल सध्या नेमकं काय करतंय?

पाटी हॉटेलची असते, पण साथीत आत भलताच धंदा चालू असू शकतो. कुठे दोनच मजले उघडे असतात आणि बाकीचे बंद. कुठे खोल्या ओस पडलेल्या, पण किचन दिवसभर पार्सलची पाकिटं भरत असतं. कुठे अख्खं हॉटेल डॉक्टर-नर्सच्या मुक्कामाला दिलेलं, तर कुठे ते विलगीकरण केंद्र झालेलं. ट्रेनिंग चारही ठिकाणी होऊ शकतं, पण ते एकच ट्रेनिंग नसतं. पार्सलवर चालणाऱ्या किचनमध्ये पोर्शन, कॉस्टिंग आणि पॅकिंग यांवर हात छान बसतो. बँक्वेट, म्हणजे समारंभाची मोठी जेवणं, मात्र कागदावरच राहतं.

विलगीकरणाच्या हॉटेलबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ट्रेनीने बाधितांच्या मजल्यावर जाऊ नये. जेवणाचे डबे पोचवायला ट्रेनीला पाठवायचा मोह हॉटेलांना होतो. कामही सोपं दिसतं, दारासमोर डबा ठेवायचा आणि निघायचं. पण २०२० मध्ये न्यूझीलंडमधल्या एका विलगीकरण हॉटेलात शेजारच्या खोल्यांत संसर्ग गेला, तेव्हा एक दार बंद होणं आणि दुसरं उघडणं यांत जेमतेम ५० सेकंदांचं अंतर होतं. दोन्हीकडचे लोक एकमेकांना भेटलेही नव्हते. बंद कॉरिडॉरमधल्या हवेतूनच तो गेला असावा, असं तपास करणाऱ्यांना वाटलं. अशा मजल्यावर काम करायला मास्क नीट बसतो का याची चाचणी लागते, सराव लागतो आणि वर देखरेख लागते. हे सगळं कायमच्या स्टाफलाही मिळत नसेल, तर तुम्हाला मिळणार नाही. त्याच हॉटेलच्या किचनमध्ये, स्टोअर्समध्ये किंवा फोनवरच्या फ्रंट ऑफिसमध्ये काम मागा. ते देत असतील तर जायला हरकत नाही.

मुलाखतीत तुम्हाला प्रश्न विचारून झाले की तुमची पाळी येते. सध्या किती खोल्या चालू आहेत, माझ्या विभागात कायमचा स्टाफ किती आणि ट्रेनी किती, एवढं विचाराच. एका सुपरवायझरमागे आठ ट्रेनी असतील, तर समजा की माणसं कमी केली आहेत आणि त्यांची जागा तुम्ही भरणार आहात.

पायरी ३: पत्रात काय लिहून हवं

ट्रेनी धड विद्यार्थी नसतो आणि धड कामगारही नसतो. एरवी हे चालून जातं. साथीत मात्र आजारी पडलात, की कॉलेज म्हणतं हॉटेल बघेल आणि हॉटेल म्हणतं कॉलेज बघेल. म्हणून ऑफर लेटरमध्ये, नाहीतर त्यासोबतच्या मेलमध्ये, या गोष्टी असाव्यात:

विलगीकरणात राहावं लागलं तर ते दिवस रजेचे, गैरहजेरीचे की ट्रेनिंगचे. त्या दिवसांचा स्टायपेंड मिळणार की कापणार. उपचाराचा खर्च कोणत्या विम्यातून. कॉलेजचा गट विमा असेल, तर त्यात साथीचा आजार आणि कामावरचा संसर्ग येतो का. मास्क, हातमोजे, एप्रन हॉटेल देणार की तुम्ही आणायचे. राहायची सोय हॉटेलची असेल, तर आजारी ट्रेनीला वेगळी खोली मिळणार का. हॉटेल बंद झालं तर किती दिवस आधी सांगणार आणि घरी परतायचा खर्च कोणाचा.

एवढं सगळं लिहून मागितलं की काही ठिकाणी चेहरे आंबट होतात. होऊ देत. एकच गोष्ट मिळणार असेल, तर आजारपणातल्या वेगळ्या खोलीची मागा. स्टायपेंडपेक्षा ती मोलाची आहे.

पायरी ४: खोली, कॅन्टीन आणि लॉकर

पोचलात की युनिफॉर्मच्या आधी राहायची खोली बघा. किती खाटा, खिडकी उघडते का, बाथरूम किती जणांत? खाटांची डोकी एकाच बाजूला असतील, तर एकाचं डोकं आणि शेजारच्याचे पाय अशी उलटसुलट रचना करा. त्याला खर्च येत नाही आणि तोंडांमधलं अंतर वाढतं. खिडकी रात्री किंचित उघडी ठेवा. नुसत्या एसीवर विसंबू नका. भिंतीवरचा साधा एसी खोलीतलीच हवा फिरवत राहतो, बाहेरची आणत नाही.

एका शिफ्टची मुलं शक्यतो एका खोलीत हवीत. सकाळच्या, दुपारच्या आणि रात्रीच्या शिफ्टमधले चौघे एका खोलीत घातले, की तीन गटांचा संसर्ग एका जागी भेटतो. हे पहिल्याच दिवशी एचआरला नम्रपणे सुचवता येतं, कारण खोल्या लावताना कुणी एवढा विचार केलेला नसतो.

कॅन्टीनमध्ये समोरासमोर बसून, मास्क काढून, मोठ्याने गप्पा मारत वीस मिनिटं जेवणं हा दिवसातला सगळ्यात जोखमीचा वेळ. गर्दी उतरल्यावर जेवा किंवा ताट घेऊन बाहेर मोकळ्यावर जा. एकटं जेवणं सुरुवातीला विचित्र वाटतं, पण सवय होते. लॉकर रूममध्ये कपडे बदलून लगेच बाहेर पडायचं, गप्पा अंगणात मारायच्या.

पायरी ५: निघण्यापूर्वीची बॅग

थर्मामीटर, नेहमीची औषधं, लशीचं आणि आधीच्या आजारांचं कागदपत्र, घरच्यांपैकी एकाचा आणि कॉलेजच्या ट्रेनिंग समन्वयकाचा नंबर कागदावर लिहिलेला. फोन लॉकरमध्ये राहतो, कागद खिशात राहतो.

मास्क प्रत्येक शिफ्टला निदान तीन. किचनच्या वाफेत आणि हाउसकीपिंगच्या घामात मास्क ओला होतो, आणि ओल्या मास्कमधून श्वास घेणं कठीण झालं की तो आपोआप नाकाखाली सरकतो. एन-९५ मास्क कणांपैकी किमान ९५ टक्के अडवतो, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच. दाढी ठेवलीत तर हवा कडेने जाते. दमा असेल तर आधीच सांगा. जंतुनाशकांच्या वासाने त्रास वाढू शकतो, आणि तसं असेल तर हाउसकीपिंगऐवजी दुसऱ्या विभागापासून सुरुवात करता येते.

पायरी ६: विभागांत काय बघायचं

सगळ्यात जास्त हाउसकीपिंगबद्दल सांगतो, कारण एरवी मुलं त्याला नाकं मुरडतात आणि साथीत खरं शिक्षण तिथेच होतं.

पाहुणा गेला की खोलीत लगेच शिरू नका. खिडक्या उघडून खोली मोकळी राहू द्या. किती वेळ ते हॉटेलच्या नियमावलीत असतं. चादरी झटकायच्या नाहीत. आपल्या हाताला झटकायची सवय असते, ती मोडावी लागते: चादर आतल्या बाजूला गुंडाळत जायची, अंगाला न लावता थेट पिशवीत टाकायची.

मग साफसफाई. आधी साबणाच्या पाण्याने मळ काढायचा, जंतुनाशक त्यानंतर. मळावर ब्लीच ओतलं तर ते मळातच खर्ची पडतं. ब्लीचचं प्रमाण अंदाजाने नको, गणिताने काढा. बाटलीवर ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट लिहिलं असेल आणि ०.१ टक्क्याचं द्रावण हवं असेल, तर एक भाग ब्लीचला ४९ भाग पाणी, म्हणजे एक लिटर द्रावणात २० मिलीलिटर ब्लीच. बाटलीवरचा टक्का वेगळा असेल तर गणितही बदलतं. द्रावण रोज ताजं करायचं. लावल्यावर पृष्ठभाग लेबलवर दिलेला वेळ ओला राहिला पाहिजे. फवारलं आणि लगेच कोरडं पुसलं, तर फक्त वास राहतो. आणि ब्लीच कधीही टॉयलेटच्या ॲसिडमध्ये किंवा अमोनियाच्या क्लीनरमध्ये मिसळायचं नाही, विषारी वायू तयार होतो. जुना रूम बॉय सांगत असला की «दोन्ही टाक, चकाचक होतं», तरीही नाही.

माणसांवर जंतुनाशक फवारणारी कमान दारात दिसली, तर तिच्याखालून जाऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्येच स्पष्ट सांगितलं होतं की माणसांवर फवारणी कोणत्याही परिस्थितीत करू नये. पाहुण्यांना ती बघून बरं वाटतं, एवढाच तिचा उपयोग.

कोविडच्या सुरुवातीला सगळ्यांनी दाराच्या मुठी, लिफ्टची बटणं, किल्ल्या पुसून पुसून झिजवल्या. पुढे कळलं, की या आजारात मुठींपेक्षा हवा मोठी वाट आहे. पुसणं थांबवा असं नाही. जुलाब-उलट्यांच्या नोरोव्हायरससारख्या रोगात पृष्ठभाग फार महत्त्वाचे असतात. पण पुसायला चार माणसं आणि खिडकी उघडायला कुणी नाही, असा कारभार दिसला तर तो लॉगबुकमध्ये, म्हणजे ट्रेनिंगच्या रोजच्या नोंदवहीत, निरीक्षण म्हणून नोंदवा.

एक गोष्ट पुस्तकात सहसा नसते. बरेच दिवस बंद असलेला मजला पुन्हा उघडताना पाण्याकडे बघावं लागतं. पाइपमध्ये साचलेल्या, साधारण २० ते ४५ अंशांच्या पाण्यात लिजिओनेला हा जिवाणू वाढतो, आणि शॉवरच्या बारीक तुषारांतून तो फुप्फुसात जातो. म्हणून इंजिनीअरिंगची माणसं नळ-शॉवर सोडून पाणी वाहू देतात आणि गरम पाण्याच्या टाकीचं तापमान ६० अंशांवर आणतात. त्यांच्यामागे वही घेऊन हिंडा. नळ तुम्ही सोडू नका, ते त्यांचं काम.

किचनमध्ये साथीचा नवा नियम फार थोडा असतो, जुनेच नियम कडक होतात. कोविड अन्नातून पसरतो असा पुरावा मिळाला नाही, पण पार्सलच्या धंद्याने दुसरा धोका आणला. ताटातलं अन्न पाच मिनिटांत पोटात जातं, डब्यातलं तासभर फिरतं. ५ ते ६० अंश हा जिवाणूंचा आवडता टप्पा. गरम पदार्थ ६०च्या वर, थंड ५च्या खाली, ही गोष्ट डब्यात भरेपर्यंत पाळली आणि पुढे रस्त्यात सोडून दिली, तर काय उपयोग? डबा किती वाजता भरला, ते झाकणावर लिहायची सवय लावा. हात साबणाने किमान २० सेकंद. तेलकट हातांवर सॅनिटायझर नीट काम करत नाही, आणि नोरोव्हायरसवरही तो फारसा चालत नाही. शिवाय सॅनिटायझरमध्ये निदान ६० टक्के अल्कोहोल असतं. तो लावून ओल्याच हातांनी बर्नर पेटवायला जाऊ नका.

हातमोज्यांवर फार भरवसा नको. मोजा घातला की माणूस हात धुणं विसरतो. मग त्याच मोज्याने फ्रिज उघडतो, कोंबडी कापतो, फोनही उचलतो.

सर्व्हिसमध्ये बुफे बंद असेल, तर प्लेटेड सर्व्हिस, म्हणजे किचनमध्येच वाढलेली प्लेट टेबलावर नेणं, शिकायची ती संधी समजा. मास्कमुळे अर्धा चेहरा झाकलेला असतो, म्हणून आवाज थोडा वाढवा, वाक्यं छोटी ठेवा, ऑर्डर पुन्हा वाचून दाखवा. ऐकू कमी येणाऱ्या पाहुण्यासाठी खिशात छोटी वही-पेन ठेवा, ओठ वाचता येत नाहीत त्याला.

फ्रंट ऑफिसमध्ये गर्दी नसते, फोन असतात. बुकिंग रद्द, तारीख पुढे, पैसे परत. कॉलेजात कॅन्सलेशन पॉलिसी म्हणजे अर्धं पान असतं. इथे रडवेला माणूस फोनवर असतो, ज्याचं लग्न पुढे गेलंय. परतावा कोणत्या अधिकारात कोण देऊ शकतं, हे विचारून घ्या आणि स्वतःच्या तोंडाने कधीच वचन देऊ नका. कोणत्या पाहुण्याला ताप आला, कुणाची चाचणी काय निघाली, ही माहिती स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नाही. मित्रालाही नाही.

पायरी ७: अंगात कणकण वाटली तर

शिफ्टला जाऊ नका. सुपरवायझरला फोन, मग मेसेज, म्हणजे वेळेची नोंद राहते. हे लिहायला सोपं आहे, करायला अवघड. कारण ट्रेनीला वाटतं की अप्रेझलमध्ये, म्हणजे कामाच्या मूल्यमापनात, लिहितील, «रजा फार घेतो». म्हणून किचनमध्ये ताप घेऊन उभी राहिलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांना शाबासकी देणारे शेफही पाहिले आहेत. त्या शाबासकीची किंमत पुढच्या आठवड्यात अख्खं सेक्शन मोजतं.

खोलीतल्या बाकीच्यांना लगेच सांगा. किती दिवस वेगळं राहायचं, हे त्या वेळच्या अधिकृत नियमावर ठरतं. कोविडमध्ये १४ दिवसांपासून सुरू झालेला नियम पुढे कमी कमी होत गेला. जुना ऐकीव आकडा धरू नका. श्वास लागला, छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपल्यासारखं वाटलं, तर हॉटेलच्या परवानगीची वाट न बघता दवाखाना गाठा, आणि कॉलेजला त्याच दिवशी कळवा.

पायरी ८: मध्येच बंद पडलं तर

याची तयारी पहिल्या दिवसापासून करायची असते. लॉगबुक रोज लिहा, सही आठवड्याला घ्या. महिनाअखेरीला एकदम सह्या घेऊ म्हणणाऱ्यांचे सुपरवायझर महिनाअखेरीला नोकरीत नसतात, साथीत तर नक्कीच नाही. प्रत्येक पानाचा फोटो काढून स्वतःला मेल करा. लॉगबुकात «आज खोल्या साफ केल्या» एवढंच नको. किती खोल्या, कोणतं रसायन, कोणतं प्रमाण, काय चुकलं, ते लिहा.

हॉटेल बंद होतंय असं कळताच, निघायच्या आधी पत्र घ्या: ट्रेनिंग कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत झालं, एकूण किती तास, कोणत्या विभागांत, आणि ते हॉटेलच्या कारणामुळे थांबलं, तुमच्या वागणुकीमुळे नाही. हे शेवटचं वाक्य आग्रहाने लिहून घ्या. विभागप्रमुखाचं अप्रेझल त्याच दिवशी भरून घ्या.

उरलेल्या तासांसाठी कॉलेज सिम्युलेशन किंवा प्रोजेक्ट देत असेल, तर तुम्ही स्वतः पाहिलेलंच काही निवडा. पार्सल मेन्यूची धोक्याच्या टप्प्यांसह सुरक्षा योजना, बंद मजला उघडतानाची चेकलिस्ट, रद्द झालेल्या बुकिंगचं महिन्याचं विश्लेषण. हॉटेलचे आकडे वापरायचे असतील तर परवानगी मागा, आणि मिळाली नाही तर आकडे काढून नुसती पद्धत लिहा.

परतताना लॉकरची चावी, ओळखपत्र आणि युनिफॉर्म परत केल्याची पावती घ्या. डिपॉझिट अडकतं ते बहुतेक वेळा याच एका कागदावाचून.